तारेबाहेरची प्रत

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. त्यानंतर ज्या पतसंस्थांत आणि शाळांत जाणं झालं, तिथे बहुतेक ठिकाणी विंडोज १०चीच मशिनं तशीच सुरू होती. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हे वाक्य मी २०१७मध्येही ऐकलं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

फ्लॉपीतून फिरणाऱ्या व्हायरसांच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अँटिव्हायरस चालवला, मशिन साफ झालं, की काम संपायचं. २०१३मध्ये क्रिप्टोलॉकर आला, फायली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागू लागला, आणि संगणक सांभाळण्याच्या आमच्या धंद्यातली झोप गेली.

१२ मे २०१७ला वॉनाक्राय हा तसलाच मालवेअर पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया रद्द झाल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. आमच्याकडे मात्र ‘मार्चएंड आहे, नंतर बघू’ म्हणून तो अडवला गेला होता, आणि अडवणारे साहेब पुढे सुरक्षेवर व्याख्यानं देत फिरले. दीड महिन्यात नॉटपेट्या आला, तोही युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं जाळं कोसळलं, आणि न्हावाशेव्याला त्यांच्या समूहाच्या टर्मिनलवरही काम खोळंबलं. मर्स्कच्या सगळ्या नेटवर्कची किल्ली असलेल्या डोमेन कंट्रोलरची एकच धड प्रत उरली, घानात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून ती वाचली.

तारेबाहेर राहिलेली प्रत वाचते, हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. रोज संध्याकाळी बॅकअपची टेप काढायची, रजिस्टरवर सही करायची, टेप दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत पोचवायची. ते काम करणारी माणसं मशिनं नावानिशी ओळखत. पुढे सर्व्हरशेजारी कायम जोडलेला स्टोरेजचा डबा आला, बॅकअप आपोआप होऊ लागला, आणि ती माणसं वार्षिक देखभालीच्या कंत्राटात विरघळली. सर्व्हरचा आणि बॅकअपचा ॲडमिन पासवर्ड एकच. आत शिरलेला चोर आधी बॅकअप मारतो, मग खंडणीची चिठ्ठी ठेवतो. ऑडिटर विचारतात, ‘बॅकअप घेता का?’ तो परत चढवून पाहिलात का, हे मला आजवर एकाही ऑडिटरनं विचारलेलं नाही.

ऑगस्ट २०१८मध्ये मालवेअरच्याच जोरावर पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले. मग गावोगाव फायरवॉल विकत घेतले गेले, ते सांभाळायला माणूस कुणी नेमला नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये सायबर हल्ल्यामुळे दिल्लीच्या एम्समध्ये केसपेपर हातानं लिहायची वेळ आली. जुलै २०२४अखेर सी-एज या एकाच सेवा पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडकले. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा सर्ट-इन या सरकारी यंत्रणेचा नियम २०२२पासून आहे. पण रविवारी रात्री सर्व्हर बंद पडला तर फोन कुणाला करायचा, हे बहुतेक कचेऱ्यांत लिहिलेलंच नसतं.

नव्या फायरवॉलचा ठराव एका बैठकीत मंजूर होतो. एक रविवार द्या, बॅकअपवरून सगळं नव्या मशिनवर उभं करून दाखवतो, असं म्हटलं की विषय पुढच्या सभेवर जातो. जिथे तो रविवार मिळाला, तिथे दुपारपर्यंत कळलं की बॅकअपचा पासवर्ड फक्त नोकरी सोडून गेलेल्या माणसाला माहीत होता.