आडनावांचे मरण आणि जन्म

जामखेडकर हे आडनाव जामखेडाबाहेरच का आढळते, असे एका वाचकाने विचारले आहे. ज्या कसब्यात सारेच त्या गावचे, तेथे गावाचे नाव कोणाची ओळख ठरणार? चाकरीनिमित्त मुलूख ओलांडला म्हणजे परगावचे लोक ते नाव माणसास लावतात. नेवासकर, पारनेरकर, संगमनेरकर ही अशीच वेशीबाहेर रुजलेली नावे होत. परंतु अशा विरळ आडनावाचे पुढे काय होते, हा प्रश्न गणिताचा आहे.

इंग्लंडातील नामांकित घराणी लोपत चाललेली पाहून फ्रान्सिस गाल्टन याने तो १८७३ साली जाहीरपणे मांडला, आणि रेव्हरंड हेन्री वॉटसन याने असा निर्वाळा दिला की, प्रत्येक आडनाव कधी ना कधी नामशेष होणारच. समजा, एका आडनावाच्या पुरुषांत सरासरीने चारांपैकी एक निपुत्रिक, एकास एक पुत्र आणि दोघांस दोन-दोन. तर एका मूळपुरुषाचा वंश खुंटण्याच्या संभाव्यतेचे वर्गसमीकरण दोन उत्तरे देते, एक आणि एक-द्वितीयांश. वॉटसनने पहिले स्वीकारले, खरे दुसरे! आणि हे मर्म बिएनेमे या फ्रेंच गणितज्ञाने १८४५ सालीच ओळखले होते, तरी त्याचे टिपण शतकाहून अधिक काळ विस्मृतीत पडून राहिले, आणि सिद्धांतास नावे मात्र गाल्टन व वॉटसन यांची लाभली, हा अन्याय मला आजही बोचतो.

आरंभी दहा पुरुष असतील, तर तोच धोका १०२४ मध्ये एक इतका उरतो. कुलकर्णी, देशमुख ही वतनांवरून गावोगाव स्वतंत्रपणे निघालेली आडनावे म्हणूनच निर्धास्त आहेत. एकाच मूळपुरुषावर उभ्या असलेल्या विरळ आडनावास तो दिलासा नाही. दूरध्वनीच्या वर्दळीचे गणित मांडणारा डेन्मार्कचा एर्लांग १९२९ साली याच प्रश्नाकडे वळला. त्याच्या मातुल घराण्याचे क्रारुप हे आडनाव लोपत चालले होते, आणि तो स्वतःही त्याच वर्षी अविवाहित निवर्तला.

मात्र हे सारे गणित केवळ औरस पुत्रांचे आहे. आपल्याकडे वतन राखण्यासाठी दत्तक घेत, त्यामुळे वंश खुंटूनही आडनाव टिके. आणि नवी आडनावे तर सतत निपजत आली. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा भालेराव तमाशाच्या फडावर उभी राहिली आणि हिवरगावकर म्हणून महाराष्ट्रभर गाजली. तिच्या जोडीचे शाहीर श्रीधर कृष्ण कुलकर्णी हे आडनावच मागे ठेवून पठ्ठे बापूराव झाले. पुढील गणितज्ञांनी नव्या आगमनाचे पद समीकरणात घातले. महाराष्ट्रातील आडनावांचा हिशेब त्या पदावाचून मांडताच येणार नाही.