बाळ उशिरा रडले म्हणून?

माझ्या धाकट्या बहिणीला 1996 साली तालुक्याच्या गावी मुलगा झाला. जन्मताच तो रडला नाही. नर्सबाईंनी तोंडातला चिकटा काढला, तळपायावर टिचक्या मारल्या, तेव्हा दोन-तीन मिनिटांनी त्याने आवाज काढला. आठवा महिना उलटला तरी तो बसत नव्हता, आणि डाव्या हाताची मूठ सुटत नव्हती. घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे, “डॉक्टर उशिरा आले, त्यांनीच वाट लावली.” दुसरा म्हणे, “आपल्याकडची मुलं उशिराच चालतात, याचे आजोबाही दोन वर्षांनी चालले.” हा वाद दीड वर्ष चालला. त्याला व्यायामोपचार सुरू झाला तेव्हा तो सव्वादोन वर्षांचा होता.

मी डॉक्टर नाही. पण त्या वादाने मला या विषयाच्या मागे लावले, आणि मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे समजले ते इथे मांडतो.

“जन्मताना इजा झाली म्हणून मूल असे झाले” या विचाराचा उगम सापडतो. विल्यम जॉन लिटल हा लंडनचा डॉक्टर. लहानपणीच्या आजाराने त्याचा स्वतःचा पाय वाकडा झाला होता, म्हणून तो अस्थिव्यंगाकडे वळला. 1861 साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे त्याने एक निबंध वाचला. अडलेली प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतःच श्वास कोंडणे यांचा संबंध त्याने मुलांच्या ताठर हातापायांशी जोडला. पुढे कित्येक वर्षे या विकाराला ‘लिटलचा रोग’ म्हणत. आज आपण त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतो.

या मताला शंका घेणारा माणूस अनपेक्षित आहे. मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेला सिग्मंड फ्रॉइड आधी मज्जासंस्थेचा डॉक्टर होता. 1897 सालच्या ग्रंथात त्याने असा मुद्दा मांडला की अवघड प्रसूती हे कारण नसून, गर्भातच आधी झालेल्या बिघाडाचे लक्षणही असू शकते. त्याच्याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मोठा पुरावा अमेरिकेतून आला. तिथे 1959 ते 1966 या काळातल्या सुमारे 54,000 गरोदरपणांच्या नोंदी ठेवून मुलांचा सात वर्षांपर्यंत पाठपुरावा केला गेला. कॅरिन नेल्सन आणि जोनास एलनबर्ग यांनी त्या तपासल्या. जन्मानंतर एका आणि पाच मिनिटांनी बाळाचा रंग, ठोके, श्वास, ताकद आणि प्रतिसाद पाहून दहापैकी गुण देतात. त्याला अपगार गुण म्हणतात. पुढे सेरेब्रल पाल्सी निघालेल्या मुलांपैकी 55 टक्क्यांना पहिल्याच मिनिटाला 7 ते 10 गुण होते, आणि पाचव्या मिनिटाला 73 टक्क्यांना. म्हणजे बहुतेक मुले जन्मताना चांगलीच दिसली होती. 1986 सालच्या त्यांच्या अभ्यासातही प्रसूतीच्या वेळच्या घटनांचा वाटा समजुतीपेक्षा बराच कमी निघाला.

याचा अर्थ जन्मावेळी इजा होतच नाही, असा मुळीच नाही. आपल्याकडे दवाखाना लांब असतो, गाडी वेळेवर मिळत नाही, बाळाची तीव्र कावीळ दुर्लक्षित राहते, आणि यातून मेंदूला खरोखर धोका होतो. पण श्वास कोंडून मेंदूला इजा झाली असेल तर ती सहसा पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसते. बाळ निपचित पडते, अंगावर ओढत नाही, झटके येतात, नवजात कक्षात ठेवावे लागते. उशिरा रडलेले पण पहिल्या दिवसापासून नीट दूध प्यायलेले, डोळे उघडून पाहणारे बाळ पुढे मागे पडले, तर कारण बहुधा दुसरीकडे शोधावे लागते.

जन्मावेळची आणखी एक इजा वेगळी ओळखावी. खांदा अडकून मानेजवळच्या नसा ताणल्या जातात आणि एक हात पहिल्या दिवसापासून लुळा राहतो. जर्मन डॉक्टर विल्हेल्म एर्ब याचे नाव तिला आहे. यात मेंदू शाबूत असतो आणि बरीच मुले काही महिन्यांत सुधारतात. तीन महिन्यांनंतरही कोपर वाकत नसेल तर तज्ज्ञाला दाखवावेच.

मूल मागे पडण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत: थायरॉइडची कमतरता, स्नायूंचे आजार, गुणसूत्रांतले बदल, कुपोषण. शाकाहारी आईच्या शरीरात ब-12 जीवनसत्त्व कमी असेल तर केवळ अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते मिळत नाही. बाळ मलूल होते आणि शिकलेले विसरू लागते. थायरॉइड आणि ब-12 यांवर औषध आहे, पण ते वेळेवर मिळाले तरच त्याचा पुरता उपयोग.

मग उशीर कधी म्हणायचा? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतली निरोगी मुले पाहून मर्यादा ठरवल्या. आधाराशिवाय बसणे 3.8 ते 9.2 महिने, एकट्याने चालणे 8.2 ते 17.6 महिने. काही मुले हातगुडघ्यांवर रांगतच नाहीत, त्यात घाबरण्यासारखे नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मूळ तारखेपासून मोजावे. पण चौथा महिना संपूनही मान धरली नाही, नवव्यानंतर बसत नाही, दीड वर्षाने चालत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरते, किंवा येत असलेली गोष्ट जाते, तर थांबू नये.

आपल्याकडे मालीश करणाऱ्या बाईला हे सगळ्यांच्या आधी कळते, असे मला नंतर जाणवले. बहिणीकडे येणाऱ्या आजी तिसऱ्या महिन्यातच म्हणाल्या होत्या, “याचा डावा हात उघडत नाही, पायही आखडतो.” रोज हात फिरवणाऱ्या माणसाला अंगाचा ताठरपणा किंवा ढिलेपणा समजतो. आम्ही ते ऐकून सोडून दिले. पांगुळगाडा आणला की चालेल, असे वाटले होते.

मेंदूला झालेली इजा पुसता येत नाही. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो, आणि तेव्हाच्या सरावाचा उपयोग जास्त. उलट वेळ गेला तर स्नायू आखडतात, खुबा सरकू शकतो. म्हणून निदान पक्के होईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच पालघरमध्ये झाली. त्यातली पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाची वाट न पाहता आशाताईंना सांगूनही तिथे जाता येते.

ज्यांना दवाखान्याच्या हलगर्जीपणाची शंका आहे त्यांनी ती मनात कुजवू नये. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार कागदपत्रे मागितल्यापासून 72 तासांत द्यावी लागतात; मात्र ती तीन वर्षेच जपून ठेवण्याचे बंधन आहे. तेव्हा कागद लवकर मागा आणि सल्ला घ्या. पण ती वाट वेगळी आणि मुलाच्या उपचाराची वेगळी. एकीचा निकाल लागेपर्यंत दुसरी अडवून ठेवू नये.

भाचा आज काठी घेऊन चालतो, दुकान सांभाळतो. त्याच्या जन्मावेळी नेमके काय झाले ते आम्हाला कधीच कळले नाही. लवकर उपचार मिळाले असते तर काठी लागली नसती का, हेही कोणी सांगू शकत नाही. पण ते दीड वर्ष आमच्या हातात होते, एवढे मात्र खरे.