रुपयाची घसरण आणि शेव-फरसाणाचा भाव

दिवाळीचा फराळ असो, आठवड्याच्या बाजारातून पोराबाळांसाठी आणलेला शेवेचा पुडा असो, की मळणीच्या दिवशी मजुरांपुढे ठेवावयाचा चिवडा असो, त्याचा भाव चढला म्हणजे आपण प्रथम दुकानदारास बोल लावतो आणि नंतर हरभऱ्यास. हरभरा आपल्याच रानातला. त्याचा भाव आपणांस तोंडपाठ असतो, म्हणून हिशेब तेथेच थांबतो. परंतु शेव घेतलेला कागद घटकाभरात पारदर्शक होतो, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. नीट निथळलेल्या शेवेतही वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेलाचा असतो, आणि कढईत जळून जाते ते निराळेच. हे तेल बहुधा आपल्या घाण्यावरचे नसते. ते समुद्रापलीकडून येते आणि त्याचे मोल डॉलरांत चुकवावे लागते. म्हणून हुंडणावळीचा दर हा विषय केवळ पेढीवाल्यांचा आहे असे मानून शेतकऱ्याने तो सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आज बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीनचे तेल मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे रशिया व युक्रेनकडून. स्थिती नेहमीच अशी नव्हती. १९८६ साली तेलबियांची विशेष मोहीम हाती घेण्यात आली आणि नव्वदीच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. पुढे १९९४ साली पामोलीनची आयात खुली झाली व जकाती उतरत गेल्या. फरसाणवाल्यास हे तेल मानवले, यात नवल नाही. ते स्वस्त असते, कढईत फार वेळ टिकते, आणि त्यात तळलेला जिन्नस लवकर खवट होत नाही. भुईमुगाच्या तेलाची चव त्यास नाही, हे आम्ही आग्रहाने म्हणू. पण चवीचा भाव वेगळा आणि बाजाराचा भाव वेगळा.

आता रुपयाकडे वळू. २०२२ च्या ऑक्टोबरात एका डॉलरास ८३ रुपये पडू लागले. २०२५ च्या डिसेंबरात ९० ची पायरी ओलांडली गेली. हिशेबासाठी कच्च्या पामतेलाचा भाव टनास ११०० डॉलर असा स्थिर धरू. ८३ च्या दराने किलोस ९१ रुपये ३० पैसे पडतात, ९० च्या दराने ९९ रुपये. वर जकात. २०२५ च्या मेअखेरीपासून कच्च्या तेलावर सर्व उपकर धरून १६.५ टक्के जकात बसू लागली. ती शेकड्याने असल्यामुळे रुपया घसरला की तीही आपोआप फुगते. जकातीसह पहिला भाव १०६ रुपयांच्या थोडा वर आणि दुसरा ११५ रुपयांच्या थोडा वर जातो. म्हणजे मलेशियातील बागाइतदाराने एक छदामही वाढवून न मागता आपल्या बंदरावर किलोमागे नऊ रुपये वाढले. (तेथील बाजारात पामतेलाचा भाव रिंगिट या त्यांच्या नाण्यात ठरतो, त्यामुळे रिंगिटची तेजी-मंदीही या हिशेबात शिरते. पण तो धागा येथे उकलीत बसत नाही.)

किलोभर शेवेस जळित धरून चारशे ग्रॅम तेल लागते असे मानले, तर या नऊ रुपयांपैकी शेवेच्या वाट्यास साडेतीन रुपयांच्या आसपास येतात. तेव्हा एखादा दुकानदार ‘डॉलर महागला हो’ म्हणून किलोमागे वीस-तीस रुपये चढवू लागला, तर त्याचा डॉलर जगाच्या डॉलरहून काही निराळा आहे असे समजावे. अर्थात खर्च तेलापुरताच नसतो. इंधनाचा वायू, मालमोटारीचे डिझेल, पुड्याचा प्लास्टिकचा पापुद्रा ही सारी खनिज तेलाची संतती असून तिचेही मोल डॉलरांतच ठरते. बेसनातही परदेश शिरला आहे. कॅनडा व रशियातून येणाऱ्या पिवळ्या वाटाण्यावरील जकात २०२३ च्या डिसेंबरात उठविली गेली, आणि वाटाण्याचे पीठ बेसनात मिसळणे किंवा त्याऐवजी वापरणे फरसाणाच्या धंद्यात नवे नाही. हरभऱ्याचा भाव त्यामुळे दबतो ही तक्रार रास्त होती. २०२५ च्या १ नोव्हेंबरपासून वाटाण्यावर पुन्हा ३० टक्के जकात बसली. उलट बाजूस, २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून बंद पुड्यातील फरसाणावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला.

पाच रुपयांच्या पुडीची गोष्ट आणखी वेगळी. तिचा भाव वाढविता येत नाही, कारण मुलाच्या हातात नाणे पाचाचेच असते. म्हणून भाव तोच ठेवून आतील ग्रॅम कमी करतात आणि पुडी हवेने फुगलेली राहते. महागाई येथे पैशात दिसत नाही, वजनात दिसते.

येथवर ग्राहकाची बाजू झाली. आमच्या वाचकांचा खरा प्रश्न पुढचा आहे. रुपया स्वस्त झाला तर शेतकऱ्याचे भले की बुरे? हा वाद जुना आहे. १९२६ साली हिल्टन यंग कमिशनने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असावा असे सुचविले, तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्न मत नोंदवून एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरला. रुपया महाग ठेवला तर परदेशी जाणाऱ्या मालाचे शेतकऱ्यास कमी रुपये मिळतात, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. सरकारने ते न ऐकता १९२७ साली वरच्या दराचा कायदा केला. त्या काळी आपला भुईमूग आणि जवस युरोपास जात असे; आज तेलाची जहाजे उलट दिशेने येतात. तरीही तर्क पुष्कळसा टिकतो. आयात तेल महागले म्हणजे घरच्या तेलबियांस आधार मिळावा.

तो किती मिळतो ते पाहू. सोयाबीनच्या क्विंटलात तेल अठरा ते वीस किलो; बाकी बहुतेक पेंड. सोयाबीनच्या तेलासही पामतेलाइतकीच चढण लागली असे धरले, तर किलोमागे नऊ रुपयांनी क्विंटलमागे १६२ ते १८० रुपये होतात. रक्कम लहान नाही. पण २०२४ च्या सप्टेंबरात कच्च्या तेलावरील जकात ५.५ टक्क्यांवरून २७.५ वर नेली होती, ती पुढल्या वर्षी मेअखेर, मृगाच्या तोंडावर, पुन्हा १६.५ वर आणली गेली. ९९ रुपयांच्या तेलावर ही अकरा टक्क्यांची सूट सुमारे अकरा रुपयांची होते. सूट आधीची आणि रुपयाची मोठी घसरण नंतरची हे खरे. पण वजाबाकीस क्रमाशी कर्तव्य नाही. घसरणीने दिले त्याहून अधिक सवलतीने नेले. शहरातील फराळ स्वस्त राहावा म्हणून ही तजवीज झाली असेल. तिचा भार मात्र ज्यांनी २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना त्याहून कमी दराने सोयाबीन विकले, त्यांच्याच माथी आला. पेंडीचीही साथ नव्हती. मक्यापासून व तांदळापासून मद्यार्क काढल्यावर उरणारा स्वस्त चोथा कोंबड्यांच्या खाद्यात शिरल्याने पेंडीची मागणी घटली होती. रुपया स्वस्त झाल्यामुळे आपली पेंड परदेशी खपण्यास थोडा हात लागतो, एवढाच काय तो दिलासा.

शिवाय हाच स्वस्त रुपया शेतकऱ्याच्या खर्चाच्या पानावरही उतरतो. पोटॅश सर्वच्या सर्व बाहेरून येते. डीएपी आणि त्याचा कच्चा माल यांचेही बव्हंशी तेच. सरकारी अनुदान जितका भार उचलते तितका जाणवत नाही, उरलेला पोत्यावर दिसतो. म्हणून ज्यांस पुढील खरिपात सोयाबीन घ्यावे की नाही याचा विचार करावयाचा आहे, त्यांनी बाजार समितीच्या फलकाबरोबर आणखी दोन आकडे पाहत जावे. एक डॉलरचा दर. दुसरा, सरकार दर पंधरवड्यास आयात तेलाचे जकातीपुरते मूल्य डॉलरांत जाहीर करते, तो. दोन्ही आकडे मोबाईलवर पाहावयास मिळतात, आणि त्यांचा गुणाकार करण्यास शाळेतील चौथीचे गणित पुरते.