सरसकट मुभा देण्यापूर्वी

एखाद्या शाळेच्या, पतसंस्थेच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या कचेरीतील सर्व संगणकांवरचा मजकूर रोज रात्री आपोआप एका स्वतंत्र यंत्रावर उतरवून घ्यावा, म्हणजे उद्या एखादी हार्ड डिस्क निकामी झाली तरी वर्षानुवर्षांचे हिशेब, दाखले आणि पत्रव्यवहार हातचे जाणार नाहीत, अशी तजवीज करू पाहणाऱ्या माणसाला पहिला अडथळा पुष्कळदा परवानगीचा येतो. सॉफ्टवेअर बसलेले असते, सेवाही सुरू झालेली असते. पण ब्राउझरमध्ये तिचे पान उघडू जावे, तर मज्जाव केल्याची सूचना समोर येते. या क्षणी जो उपाय सर्वांत लवकर सुचतो तोच सर्वांत घातक असतो, आणि म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून संस्थाचालकांनी निश्चिंत राहावे, असा नाही.

उदाहरणादाखल ‘बॅकअपपीसी’ घ्या. क्रेग बॅरट यांनी लिहिलेले आणि २००१ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध असलेले हे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते, आणि त्याचा सारा कारभार ‘अपाचे’ या वेब सर्व्हरच्या द्वारे ब्राउझरमध्ये पाहता येतो. येथे एकाच यंत्रावर दोन निरनिराळे सेवक नांदत असतात. प्रती घेणारा आणि सांभाळणारा तो ‘बॅकअपपीसी’ याच नावाचा यूजर, आणि बाहेरून आलेल्या मागणीला पान दाखवणारा तो वेब सर्व्हरचा यूजर. डेबियन जातीच्या लिनक्सवर या दुसऱ्याचे नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ आणि क्रमांक ३३ असतो. ज्या इसमाच्या नावाने पान चालायला हवे त्याच्याऐवजी ३३ क्रमांकाचा इसम ते चालवीत आहे, अशा अर्थाची तक्रार पडद्यावर आली, की दोघांच्या अधिकारांची सीमारेषा कोठेतरी चुकीची आखली गेली आहे असे समजावे.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला आणि प्रत्येक डिरेक्टरीला एक मालक आणि एक गट नेमलेला असतो. उरलेले सारे ते ‘इतर’. या तिघांना वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा असे तीन हक्क वेगवेगळे देता येतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, अशी त्यांची बेरीज करून तीन अंकी आकडा लिहिण्याचा शिरस्ता आहे. त्याप्रमाणे ७५० म्हणजे मालकाला सर्व हक्क, गटाला वाचण्याची आणि चालवण्याची मुभा, इतरांना काहीच नाही. डिरेक्टरीच्या बाबतीत ‘चालवणे’ याचा अर्थ तिच्यातून पुढे जाणे असा असतो, आणि ही बारीक गोष्ट ध्यानात न आल्यामुळे कित्येकांची दुरुस्ती फसते. कारण सर्वांत आतल्या फाइलीवर कितीही उदार हक्क दिले, तरी तिच्या वाटेवरील एखाद्या डिरेक्टरीने पुढे जाऊ दिले नाही, तर ती फाइल आवाक्याबाहेरच राहते. अशा वेळी ‘नेमआय’ ही आज्ञा ‘एल’ या पर्यायासह द्यावी. मुळापासून शेवटापर्यंतच्या प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि हक्क ती ओळीने मांडून दाखवते, आणि अडलेली पायरी बहुधा पहिल्या दृष्टिक्षेपातच सापडते.

परंतु घाईत असलेला माणूस इतका तपास करीत नाही. तो सगळ्या दप्तराला ७७७ हा आकडा लावून मोकळा होतो, म्हणजे यंत्रावरील कोणालाही काहीही वाचण्याची, बदलण्याची आणि पुसण्याची सनद देतो. पान लगेच उघडते, आणि काम झाले असे वाटते. किंवा तो साठवणीची मालकीच वेब सर्व्हरच्या यूजरला बहाल करतो. हे तितके भयंकर दिसत नाही, पण परिणाम जवळजवळ तोच होतो. वेब सर्व्हर हा यंत्राचा जगाकडे उघडा असलेला भाग आहे. उद्या त्यावरील एखाद्या पानातील दोषाचा फायदा घेऊन कोणी आत शिरला, तर तो वेब सर्व्हरचाच अखत्यार घेऊन वावरणार, आणि त्या अखत्यारात जर राखीव प्रतीही असतील, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकाच हाताने नष्ट होतील. शिवाय बॅकअपपीसीच्या व्यवस्थेच्या फाइलींत इतर संगणकांत शिरण्याचे पासवर्डही लिहून ठेवलेले असू शकतात, हे विसरता कामा नये.

मग पान उघडायचे कसे? यावरची युक्ती युनिक्सच्या जनकांपैकी एक, बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची, यांची आहे. तिच्या पेटंटसाठी १९७३ साली अर्ज झाला आणि १९७९ साली ते मंजूर झाले. एखाद्या कार्यक्रमावर ‘सेट-यूआयडी’ ही खूण ठेवली, की तो कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालतो. मुखत्यारपत्र असलेल्या इसमाने धन्याच्या वतीने तेवढेच नेमके काम करावे, तसा हा प्रकार आहे. पान दाखवणाऱ्या कार्यक्रमाची मालकी बॅकअपपीसीकडे, गट वेब सर्व्हरचा, आणि हक्क ४७५०, म्हणजे ७५० च्या आधी सेट-यूआयडीच्या खुणेचा ४, असे ठरवले, की वेब सर्व्हर तो कार्यक्रम चालवू शकतो, पण साठवणीला स्वतः हात लावू शकत नाही. मात्र बॅकअपपीसीचा हा कार्यक्रम पर्ल भाषेतील स्क्रिप्ट असतो. लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, स्क्रिप्टवरील ही खूण मानत नाही, आणि पर्ल भाषेनेही यासाठी असलेला आपला आधार २०१० च्या ५.१२ या आवृत्तीपासून काढून घेतला. म्हणून हे काम सी भाषेतील एका छोट्या कार्यक्रमाकरवी करावे लागते.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. मालक बदलणारी ‘सीएच-ओन’ आज्ञा आधी आणि हक्क ठरवणारी ‘सीएच-मॉड’ नंतर द्यावी. कारण मालक बदलताच लिनक्स ती सेट-यूआयडीची खूण स्वतः पुसून टाकते, मग आज्ञा देणारा प्रत्यक्ष रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, का असेना. क्रम उलटा झाला तर सर्व काही यथासांग केल्याचे समाधान मिळते, आणि पान मात्र पूर्वीचीच तक्रार करीत राहते. त्याचप्रमाणे आतील सर्व फाइलींना एकदम हक्क द्यायचे असतील, तर चालवण्याच्या हक्कासाठी मोठ्या लिपीतील ‘एक्स’ लिहावा, म्हणजे तो हक्क डिरेक्टऱ्यांना आणि जे आधीच चालण्याजोगे आहे त्यालाच मिळतो. साध्या मजकुराच्या फाइली नाहक कार्यक्रम ठरत नाहीत.

प्रत्येक कार्यक्रमाला त्याच्या कामापुरताच किमान अधिकार असावा, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात मांडले, आणि इतक्या वर्षांत त्याची धार मुळीच कमी झालेली नाही. बॅकअप घेणाऱ्याला मूळ मजकूर केवळ वाचता यावा. वेबसाइट चालवणाऱ्याला बॅकअपला हातही लावता येऊ नये. आणि वेबसाइटच्या सार्वजनिक डिरेक्टरीत बॅकअपची फाइल तात्पुरतीसुद्धा ठेवू नये, कारण तिचे नाव ज्याला कळले किंवा नुसत्या तर्काने सापडले, तो ती सहज उतरवून घेऊ शकतो.

एक गोष्ट राहिली. मालक, गट आणि हक्क हीदेखील जतन करण्याजोगी माहितीच आहे, आणि रूटच्या अधिकाराशिवाय परत आणलेल्या फाइली बहुधा आणणाऱ्याच्याच मालकीच्या होऊन बसतात. म्हणून ज्यांच्या संस्थेत अशी व्यवस्था असेल त्यांनी एखादी डिरेक्टरी दुसऱ्या यंत्रावर परत आणवून घ्यावी, मजकुराबरोबर तिचे मालक आणि हक्कही मुळाशी ताडून पाहावेत, आणि कोठे ७७७ हा आकडा आढळला तर तो कोणी व का लिहिला याची चौकशी त्याच दिवशी करावी.