जुन्या प्लगइनचे नवे बिऱ्हाड

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या प्रोग्रामविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका वाचनालयाच्या संकेतस्थळावरील छायाचित्रांचा स्लाइडशो मी नव्या पद्धतीने लिहून काढला, आणि त्यात पुष्कळसे व्याकरणच निघाले.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. पुढे २००६ साली जॉन रेझिग यांनी जेक्वेरी आणली. तिला जोडायचे छोटे तयार प्रोग्राम म्हणजे प्लगइन. त्या काळी एका पानावरील साऱ्या फायलींचे अंगण एकच असे. आधी जेक्वेरी, मागून प्लगइन, असा क्रम राखला की काम भागे. २०१५ साली भाषेत क्लास आणि मॉड्यूल आले. मॉड्यूलमध्ये प्रत्येक फाइल म्हणजे स्वतंत्र घर. बाहेरून काय घ्यायचे ते ‘इम्पोर्ट’ने मागायचे, काय द्यायचे ते ‘एक्स्पोर्ट’ने सांगायचे.

मला वाटले, दोन-चार शब्द बदलले की झाले. बदलले, आणि पान ठप्प झाले!

बिऱ्हाड हलवताना जसे कळते की परात शेजारणीची होती, तसेच येथे झाले. चालू चित्राचा क्रमांक ठेवणारे चलपद मूळ लेखकाने जाहीरच केले नव्हते. जुन्या पद्धतीत असे चलपद मुकाट्याने अंगणात जाऊन बसते. मॉड्यूलचे नियम कडक, तेथे ती चूक ठरते. मग उलगडा झाला. त्या पानावर दोन स्लाइडशो होते आणि एकाचे बटण दाबले की दुसऱ्याचा क्रम चुके. ग्रंथपालबाई म्हणत, “त्याला तशी खोडच आहे.” खोड कसली, दोघांत मिळून क्रमांक एकच होता! क्लासमुळे आता ज्याचा क्रमांक त्याच्यापाशी राहतो.

खरी दमछाक केली ती ‘धिस’ या शब्दाने. हे एक प्रकारचे सर्वनामच. आपल्या मराठीत ‘आपण’ म्हणजे बोलणारा व ऐकणारा दोघे, की आदराने फक्त ऐकणारा, हे प्रसंगावरून ठरते. तसे ‘धिस’ म्हणजे कोण, हे फंक्शन कोणी व कसे हाकारले यावरून ठरते. क्लासमध्ये मी ‘धिस’ लिहिले ते स्लाइडशोला उद्देशून. बटण दाबल्यावर मात्र ते बटणालाच लागू होई, आणि बटणाजवळ कुठला क्रमांक? बाणाच्या खुणेचे फंक्शन वापरले तेव्हा हे सुटले, कारण त्याला स्वतःचा ‘धिस’ नसतो. ते बाहेरचाच घेते. एवढ्यासाठी माझे दोन दिवस गेले.

चित्र मोठे करण्याचे बटणही मुके झाले होते. पानाच्या मजकुरातून थेट हाक मारलेले फंक्शन आता घराच्या आत राहायला गेले होते. बटणाची जोडणी क्लासमध्येच केल्यावर ते बोलू लागले.

वाचनालयाची काही जुनी पाने अजून प्लगइनला जुन्याच नावाने बोलावतात. त्यांच्यासाठी जेक्वेरी तशीच ठेवून मी चार ओळींचा पूल लिहिला आहे. जुनी हाक आली की तो नवा क्लास उभा करून देतो. त्या चार ओळी काढण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.