ताप चढतो, की मेंदू चढवतो?

हिवतापाने कुडकुडणारा रुग्ण आणि वैशाखाच्या उन्हात कोसळलेला मजूर, दोघांचेही तापमान मोजले तर थर्मामीटरवर १०४ अंश फॅरनहाइट हा एकच आकडा दिसू शकतो. शरीराच्या आत मात्र दोन अगदी उलट गोष्टी चाललेल्या असतात. पहिल्याच्या मेंदूने शरीर तापवायचे ठरवले आहे आणि ते पार पाडले आहे. दुसऱ्याच्या मेंदूने ते थंड ठेवण्याची शिकस्त केली आणि तो हरला आहे. ताप हा मेंदूतल्या रसायनांनी घेतलेला निर्णय आहे आणि उष्माघात हा त्याच यंत्रणेचा पराभव आहे. हा भेद घराघरांत पोचला, तर तापाची अकारण भीती ओसरेल आणि उन्हाळ्यातले काही जीव वाचतील, असे मला ठामपणे वाटते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. त्याच्या पुढच्या टोकाला तापमानाची चौकी आहे. कातडीकडून येणारी खबर आणि स्वतःभोवतीच्या रक्ताची ऊब, दोन्ही इथल्या चेतापेशी पारखतात. गारठा जाणवला की मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली ऊब आत राहते. तान्ह्या बाळांत हेच रसायन पाठीवरच्या तपकिरी चरबीला उष्णता निर्माण करायला लावते. उकडू लागले की घर्मग्रंथींपाशी अ‍ॅसिटिलकोलिन सुटते आणि घाम येतो. एक लिटर घाम पूर्ण वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून जमिनीवर पडलेला घाम यातले काहीच करत नाही. थंडावा देते ते बाष्पीभवन, आणि दमट हवेत तेच अडते.

मेंदूतली ही चौकीही रसायनांवर चालते, हे कळायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. १९६३ साली लंडनमध्ये फेल्डबर्ग आणि मायर्स यांनी मांजरांच्या मेंदूतील पोकळीत सेरोटोनिन सोडले, तेव्हा तापमान वाढले. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडले, तेव्हा उतरले. मात्र सशांत याच रसायनांचा परिणाम उलटा दिसला, त्यामुळे दोन रसायनांचा हा सोपा तराजू टिकला नाही. १९७० मध्ये मिल्टन आणि वेंडलांट यांनी मांजरांतच दाखवले की प्रोस्टाग्लँडिन या गटातल्या रसायनाची अल्पशी मात्राही मेंदूत पोचली तर ताप चढतो. पुढच्याच वर्षी जॉन वेन यांनी अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखते हे सिद्ध केले, आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाणारी गोळी नेमके काय करते, याचे उत्तर तेव्हा हाती आले.

आता हिवतापाच्या रुग्णाकडे पुन्हा पाहू. जंतूंशी भिडलेल्या पांढऱ्या पेशी रक्तात निरोप सोडतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते. चौकीतल्या ज्या पेशी एरवी उष्णतानिर्मितीला लगाम घालून असतात, त्यांचा जोर ते कमी करते. मग शरीर आधीच १०१ वर असूनही माणसाला थंडी वाजते, हातपाय गार पडतात, दातावर दात आपटतात आणि दोन गोधड्याही पुरत नाहीत. स्नायूंची ही थरथर उष्णता निर्माण करण्यासाठीच असते. प्रोस्टाग्लँडिन ओसरले की दरदरून घाम फुटतो आणि ताप उतरतो. मेंदूत ३७ अंश सेल्सिअस हा आकडा कुठे कोरलेला नाही. वेगवेगळ्या यंत्रणांच्या ओढाताणीतून तो साधला जातो, असा आक्षेप काही शरीरशास्त्रज्ञ घेतात. तो रास्त आहे. पण त्याने मूळ मुद्दा ढळत नाही. तोल कुठेही असो, तापात तो रसायनांनी मुद्दाम वर सरकवलेला असतो.

मुद्दाम, पण कशासाठी? १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जंतुसंसर्ग करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवले. उबेत ठेवलेले बहुतेक जगले, ३४ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेले बहुतेक दगावले. सरड्यावरून माणसाचे अनुमान कसे काढायचे, हा प्रश्न योग्यच आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अतिदक्षता विभागातील संसर्गग्रस्त रुग्णांना, मेंदूतले हेच प्रोस्टाग्लँडिन रोखणारे पॅरासिटामॉल देऊन पाहिले. त्याने ना ठळक फायदा झाला, ना तोटा. म्हणजे गोळी विष नाही, तशीच ती आजारावरचा इलाजही नाही. अंगदुखी कमी व्हावी, मुलाने दोन घोट पाणी प्यावे, झोप लागावी, यासाठी ती जरूर द्यावी. केवळ आकडा खाली आणण्यासाठी झोपलेल्या मुलाला उठवून देऊ नये.

‘ताप डोक्यात गेला तर?’ ही आईबापांची खरी धास्ती आहे. संसर्गाचा ताप क्वचितच १०६ च्या पुढे जातो, कारण त्याला आवर घालणारी रसायनेही मेंदूतच तयार होतात. सहा महिने ते पाच वर्षे वयातल्या काही मुलांना तापात झटके येतात. ते पाहवत नाहीत, पण त्यातले बहुतेक मागे इजा ठेवत नाहीत आणि तापाची गोळी ते टाळू शकत नाही. तरीही झटका आलाच तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे. तीन महिन्यांखालचे बाळ, ताठ झालेली मान, ग्लानी किंवा धाप असेल तर क्षणही दवडू नये. तिथे भीती तापाची नसते, त्यामागच्या आजाराची असते.

उष्माघातात यातले काहीच लागू होत नाही. तिथे वाढीव प्रोस्टाग्लँडिनने तापमान चढवलेले नसते, म्हणून पॅरासिटामॉलला रोखण्यासारखे काही सापडत नाही. उलट उष्णतेने आधीच होरपळलेल्या यकृतावर त्याचा भार पडतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण सोहळ्यानंतर दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. तिथे विदर्भासारखा पंचेचाळिशीचा पारा नव्हता. होती ती उघड्यावरची तासन्‌तासांची बैठक आणि किनाऱ्यालगतची दमट हवा. मनोविकारांवरची आणि अ‍ॅलर्जीवरची काही औषधे मेंदूतल्या किंवा घर्मग्रंथींपाशी सुटणाऱ्या रसायनांचे काम अडवतात, म्हणून ती घेणाऱ्यांना उन्हाचा धोका अधिक असतो. औषध मनाने बंद करू नये. उन्हात काय काळजी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारावे.

म्हणून आकड्याइतकाच संदर्भ महत्त्वाचा. उन्हात किंवा भट्टीपाशी काम करताना माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर कातडी कोरडी आहे की घामेजली याचा खल करत बसू नये. त्याला सावलीत आणावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये आणि १०८ ला फोन लावावा. रुग्णवाहिकेची वाट पाहतानाही पाणी ओतणे थांबवू नये, कारण पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले तर जगण्याची शक्यता खूप वाढते. तापात मेंदूला त्याचे काम करू द्यायचे आणि रुग्णाला आराम द्यायचा. उष्माघातात मेंदूच्या हातून निसटलेले काम आपण हाती घ्यायचे. शाळेच्या प्रथमोपचाराच्या तासाला, आशाताईंच्या गृहभेटीत आणि उन्हात काम चालणाऱ्या प्रत्येक ठिकाणी एवढा एक भेद शिकवला गेलाच पाहिजे.