आठ पिरियड, पाच गोल आणि १५१ मिनिटं ३६ सेकंद

एव्हरेट सिल्व्हरटिप्स ३, व्हिक्टोरिया रॉयल्स २. नुसता निकाल वाचला तर कोणीही पान उलटून पुढे जाईल. आता शेजारचा वेळेचा रकाना बघा: १५१ मिनिटं ३६ सेकंद. आइस हॉकीचा सामना असतो ६० मिनिटांचा. म्हणजे एका तिकिटात प्रेक्षकांना अडीच सामने बघायला मिळाले!

ही गोष्ट एप्रिल २०१७ च्या सुरुवातीची. स्थळ कॅनडाच्या पश्चिम टोकाचं व्हिक्टोरिया शहर, स्पर्धा वेस्टर्न हॉकी लीग, प्लेऑफची पहिली फेरी, सामना सहावा. पाचव्या ओव्हरटाइमच्या बाराव्या मिनिटात एव्हरेटच्या कॅल बॅबिचने गोल केला, सामना संपला आणि मालिकाही ४-२ अशी संपली. कॅनडाच्या मुख्य ज्युनियर हॉकीत इतका लांब सामना त्याआधी कधीच झाला नव्हता.

मला हा सामना आवडतो तो त्याच्या आकड्यांसाठी. गोल तर कुणालाही दिसतो. गोल न झालेली ९१ मिनिटं बघायची तर कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

आधी नियम

साखळी सामना बरोबरीत सुटला तर ज्युनियर लीगमध्ये थोडा जादा वेळ देतात, तरीही निकाल लागला नाही तर शूटआउट होतो आणि सगळे वेळेत घरी जातात. प्लेऑफमध्ये ती सोय नाही. वीस मिनिटांचा पूर्ण पिरियड, दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू आणि एकेक गोलरक्षक, पहिला गोल होईल तिथे खेळ खलास. नाही झाला, तर बर्फ पुन्हा गुळगुळीत करायचा आणि आणखी वीस मिनिटं. याला वरची मर्यादाच नाही. मला विचाराल तर जगातल्या सगळ्या खेळांत जादा वेळेचा हा सर्वांत प्रामाणिक नियम आहे. नाणेफेक नाही, पेनल्टीची लॉटरी नाही. जो खेळ साठ मिनिटं खेळलात, तोच खेळून जिंका.

पेन्सिलीचं काम

नियमित वेळ संपली तेव्हा २-२. साठ मिनिटांत चार गोल, म्हणजे सरासरी दर पंधरा मिनिटांना एक. हाच वेग पुढे धरला तर एका वीस मिनिटांच्या पिरियडमध्ये एकही गोल न होण्याची शक्यता निघते साधारण २६ टक्के. म्हणजे पहिल्याच ओव्हरटाइममध्ये निकाल लागण्याची शक्यता जवळजवळ चारात तीन! सलग चार ओव्हरटाइम कोरडे जायचे तर २६ टक्क्यांचे २६ टक्के, त्याचे पुन्हा २६ टक्के, असं चार वेळा करायचं. उत्तर येतं अर्ध्या टक्क्याहूनही कमी. नियमित वेळेत बरोबरीत राहिलेल्या साधारण दोनशे सामन्यांपैकी एखादाच पाचव्या ओव्हरटाइमचं तोंड बघेल.

हे गणित अर्थातच गोल समान वेगाने पडतात असं धरून केलेलं आहे. प्रत्यक्षात ओव्हरटाइममध्ये सगळे सावध होतात. एक चुकीचा पास आणि मोसम संपला, हे ठाऊक असल्यावर बचावपटू पुढे धावत नाही, तो पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, सरळ भिंतीवर आपटून बाहेर काढतो. शिवाय दोन्ही टोकांना गोलरक्षकही तितकेच चिवट होते. व्हिक्टोरियाचा ग्रिफेन आउटहाउस आणि एव्हरेटचा कार्टर हार्ट. हार्ट तेव्हा १८ वर्षांचा होता.

कोण किती खेळलं?

दर वेळी बर्फावर गोलरक्षक सोडून तीन आघाडीवीर आणि दोन बचावपटू असतात. बाकावरचे धरून आघाडीवीर साधारण बारा, बचावपटू सहा. एरवी समान वाटणी केली तर बचावपटूच्या वाट्याला वीस मिनिटं येतात आणि आघाडीवीराच्या वाट्याला पंधरा. या सामन्यात तीच वाटणी बचावपटूला सुमारे साडेपन्नास मिनिटं देते आणि आघाडीवीराला अडतीस. पाळी साधारण पाऊण मिनिटाची असते. त्या हिशेबाने एका आघाडीवीराने जवळजवळ पन्नास वेळा कठड्यावरून बर्फावर उडी मारली आणि पन्नास वेळा धापा टाकत परत आला. यात प्रशिक्षक आपल्या लाडक्या खेळाडूंना जास्त खेळवतात ते धरलेलंच नाही.

आणि गोलरक्षकांना पाळी नसते. १५१ मिनिटं ३६ सेकंद, संपूर्ण.

ही मुलं कोण? वय १६ ते २०. वीस वर्षांचे खेळाडू संघात जास्तीत जास्त तीन. बरीच मुलं गावापासून शेकडो किलोमीटर लांब, दुसऱ्या कुटुंबांच्या घरी राहून खेळतात आणि शाळाही सांभाळतात. लीगमध्ये काढलेल्या प्रत्येक मोसमामागे त्यांना एका वर्षाच्या पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळते. वरचे आकडे वाचताना हे वय विसरू नका.

पोरांनी मोठ्यांना मागे टाकलं

एनएचएल ही या खेळातली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. शंभराहून अधिक वर्षांच्या तिच्या इतिहासात १५१:३६ पेक्षा लांब सामने फक्त तीन. १९३६ चा डेट्रॉइट-मॉन्ट्रियल मरून्स (१७६:३०), १९३३ चा टोरांटो-बॉस्टन (१६४:४६) आणि २००० चा फिलाडेल्फिया-पिट्सबर्ग (१५२:०१). तिसऱ्याशी फरक फक्त २५ सेकंदांचा! आणि योग असा, की कार्टर हार्ट पुढे त्याच फिलाडेल्फिया फ्लायर्सचा गोलरक्षक झाला.

एनएचएलच्या खालची व्यावसायिक लीग म्हणजे एएचएल. तिचा विक्रम २०१८ चा, १४६:४८. त्या सामन्यात लीहाय व्हॅलीच्या अ‍ॅलेक्स लायनने ९४ फटके अडवले. तरी वेळेत तो सामना या पोरांच्या मागेच राहिला.

कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतला आधीचा विक्रम १९९९ चा होता, १४६:३१, क्यूबेकच्या लीगमधला. त्यातल्या एका संघाचं गाव होतं व्हिक्टोरियाव्हिल. व्हिक्टोरियाव्हिलचा विक्रम व्हिक्टोरियात मोडला, ५ मिनिटं ५ सेकंदांनी.

जागतिक विक्रमाला मात्र धक्का लागला नाही. तो जेमतेम तीन आठवडे आधी नॉर्वेतल्या हामार गावात झाला होता. स्टोरहामारने स्पार्टा वॉरियर्सना २-१ हरवलं, आठव्या ओव्हरटाइममध्ये, २१७ मिनिटं १४ सेकंदांनी. २०१७ च्या त्या वसंतात हॉकीतल्या घड्याळांना थांबायचंच नव्हतं.

आठवा पिरियड महत्त्वाचा का?

आकडे बघणाऱ्यांसाठी हा खास मेवा. दर पिरियडनंतर संघ बाजू बदलतात, पण बाक जिथल्या तिथे राहतात. त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये आपला बाक आपल्या गोलजाळ्याच्या बाजूला असतो आणि दुसऱ्यात लांब जातो. बचाव करून दमलेल्या खेळाडूला बदली घ्यायला जास्त अंतर कापावं लागतं. तो मध्येच अडकला की समोरच्याचं फावतं. एनएचएलमध्येही पहिल्या पिरियडपेक्षा दुसऱ्यात जास्त गोल होतात, त्यामागचं एक कारण हेच. आता मोजा: चौथा, सहावा, आठवा हेही लांब बाकाचे पिरियड. पाचवा ओव्हरटाइम म्हणजे सामन्याचा आठवा पिरियड. बॅबिचचा गोल नेमका त्यातला.

पकही खेळाडूच

रबराची चकती, व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. आपल्या क्रिकेटच्या चेंडूचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम. म्हणजे गोलरक्षकाच्या अंगावर येते ती लेदर बॉलइतकीच जड वस्तू, पण कडांची आणि गोठवलेली. सामन्याआधी पक बर्फात ठेवतात, कारण थंड रबर कमी उसळतं आणि बर्फावरून सरळ घसरतं.

हे व्हायचं तर व्हिक्टोरियातच

माझ्या मते या सामन्याच्या गावाला या सामन्यापेक्षाही भारी इतिहास आहे.

१९११ साली लेस्टर आणि फ्रँक या पॅट्रिक बंधूंनी पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन काढली. व्हिक्टोरियाचा हिवाळा कॅनडाच्या मानाने सौम्य, तळी भरवशाने गोठत नाहीत. मग त्यांनी तिथे कृत्रिम बर्फाची रिंक बांधली. कॅनडातल्या अशा पहिल्या दोन रिंकांपैकी ती एक, नाताळच्या दिवशी उघडलेली. २ जानेवारी १९१२ ला लीगचा पहिला सामना तिथेच झाला.

या भावांनी खेळ आतून बदलला. बर्फावरच्या निळ्या रेषा, पुढे पास द्यायची मुभा, गोलरक्षकाने खाली पडून पक अडवण्याची परवानगी, हे सगळं त्यांच्या लीगमधून आलं. गोलला हातभार लावणाऱ्याच्या नावावर असिस्ट लिहायची पद्धतही त्यांचीच, म्हणजे आम्हा आकडेवेड्यांवर त्यांचे उपकारच. आणि प्लेऑफ? मोसमाअखेर अव्वल संघांना पुन्हा भिडवायची पद्धत त्यांच्या लीगने १९१८ मध्ये घेतली. ज्या लीगने प्लेऑफ रुजवायला हातभार लावला, तिचा पहिला सामना झाला त्याच गावात शतकभराने ज्युनियर प्लेऑफ संपता संपेना!

पुढचा धागा तर अजबच आहे. १९२५ मध्ये लेस्टर पॅट्रिकच्या व्हिक्टोरिया कूगर्सनी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सना हरवून स्टॅनली कप जिंकला. एनएचएलबाहेरच्या संघाने तो जिंकण्याची ती शेवटची वेळ. पुढच्या वर्षी ते अंतिम मालिकेत मॉन्ट्रियल मरून्सकडून हरले. मग लीग मोडली आणि त्यांचे खेळाडू डेट्रॉइटच्या नव्या संघाला विकले गेले. नव्या संघाने नावही तेच घेतलं, डेट्रॉइट कूगर्स. आज तो डेट्रॉइट रेड विंग्ज आहे.

लेस्टर पॅट्रिक न्यूयॉर्क रेंजर्सचा प्रशिक्षक झाला. १९२८ च्या अंतिम मालिकेत त्याच्या गोलरक्षकाच्या डोळ्याला पक लागला, तेव्हा राखीव गोलरक्षक नसायचा. ४४ वर्षांच्या पॅट्रिकने स्वतः पॅड बांधले, १९ पैकी १८ फटके अडवले आणि रेंजर्स ओव्हरटाइममध्ये २-१ जिंकले. समोर पुन्हा मरून्स!

आणि १९३६ चा १७६:३० वाला सामना? मॉन्ट्रियलमध्ये पहाटे दोन वाजून गेल्यावर २१ वर्षांच्या मड ब्रुनेटोने सामन्यातला एकमेव गोल केला. तो डेट्रॉइटचा, व्हिक्टोरियाच्या खेळाडूंवर उभ्या राहिलेल्या संघाचा. हरले कोण? मरून्सच. एनएचएलच्या सर्वांत लांब सामन्याचं मूळ शोधत गेलं की बोट व्हिक्टोरियावरच येऊन थांबतं.

त्यानंतर काय झालं?

एव्हरेट पुढच्या फेरीत गेलं आणि सिएटल थंडरबर्ड्सकडून सलग चार सामने हरलं. सिएटलने लीग जिंकली आणि मेमोरियल कपला गेलं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ पासून चालू असलेली ही चार संघांची स्पर्धा म्हणजे ज्युनियर हॉकीचा कळस. सिएटल तिथे तिन्ही सामने हरलं.

कप उचलला विंडसर स्पिटफायर्सनी. हा संघ आपल्या लीगच्या पहिल्याच फेरीत लंडन नाइट्सकडून सातव्या सामन्यात बाद झाला होता, एव्हरेट-व्हिक्टोरियाचा निकाल लागला त्याच सुमारास. यजमान म्हणून त्यांना मेमोरियल कपमध्ये जागा होती. ४४ दिवस एकही सामना न खेळता ते उतरले, साखळीतले तिन्ही सामने जिंकले आणि २८ मे २०१७ रोजी अंतिम सामन्यात ईरी ऑटर्सना ४-३ असं हरवलं. तेही साठ मिनिटांत.